हौद बुजवण्याआधी

आमच्या मशिदीचा हौद बुजवायचं चाललंय. जुम्म्याच्या दिवशी जेवताना नवऱ्याने सांगितलं. हौदाच्या जागी नळांची रांग येणार, बसायला ग्रॅनाइटचे ओटे होणार आणि उरलेल्या जागेत चपलांचं कपाट. कमिटीतल्या बहुतेकांना हे पटलेलं आहे. पाणी हिरवं होतं, डास होतात, आणि एकाने चूळ भरलेल्या पाण्यात दुसऱ्याने हात घालायचा हे आजच्या मुलांना किळसवाणं वाटतं, अशी कारणं आहेत. कारणं खोटी नाहीत. बायकांना कुणी विचारलं नाही, कारण आम्ही त्या हौदावर वजू करत नाही. मी तो हौद उभ्या आयुष्यात दोनदा पाहिला आहे, दोन्ही वेळा दारातून.

तरी मला या विषयावर बोलायचं आहे. साचलेल्या पाण्यातलं मला थोडंफार कळतं असा माझा दावा आहे. हा दावा चौदा महिने जुना आहे आणि तो माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेला आहे.

आम्ही करी रोडला राहतो. स्टेशनातून बाहेर पडून लालबागच्या दिशेने सात-आठ मिनिटं चालावं लागतं. पूर्वी इथे आमची चाळ होती, आता त्याच जागी इमारत आहे आणि आम्ही पाचव्या मजल्यावर आहोत. गेल्या वर्षी मे महिन्यात समोरचं कुटुंब डोंबिवलीला राहायला गेलं. जाताना वहिनी माशांची रिकामी टाकी आमच्या दारात ठेवून गेल्या. "भाभी, आमच्याकडे मासे जगतच नाहीत. तुमच्या मुलाला होईल." टाकी एक फूट लांब, बारा-तेरा लिटर पाणी मावेल एवढी. मुलाला लगेच मासे हवे होते. मी म्हटलं, आधी पाणी मुरू दे. मासे अजून आलेले नाहीत.

मी मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. बावीस वर्षं फळ्यावर पॅरामेशियम काढते आहे. आधी चपलेच्या तळव्यासारखा आकार, मग कडेने बारीक केसांसारख्या रेघा, आत मोठं केंद्रक, लहान केंद्रक, दोन्ही टोकांना चांदणीसारख्या संकोची रिक्तिका. नावं देण्याला दोन गुण असतात. मुलं गुण मिळवतात. या बावीस वर्षांत मी स्वतः जिवंत पॅरामेशियम एकदाही पाहिलेलं नव्हतं, हे मला या टाकीमुळे लक्षात आलं. शाळेत सूक्ष्मदर्शक आहे. तो कपाटात असतो.

तर सुरुवात अशी झाली. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवलं, क्लोरीन उडून जावं म्हणून. करी रोडहून स्लो गाडीने कुर्ला. तिथे रविवारी सकाळी शोभेच्या माशांचा बाजार भरतो. तिथून वीस रुपयांची पाणवनस्पतीची जुडी आणली. शाळेच्या आवारातल्या जंगली बदामाची चार सुकलेली पानं टाकली. तळाला मूठभर माती. एवढंच. पंप नाही, फिल्टर नाही, खाणं नाही.

नोंदी ठेवायला घरात कोरी वही नव्हती, एक जुना हजेरीपट पडलेला होता. त्यातच लिहायला लागले. डावीकडे नावं, पुढे तारखा. दिसला तर 'ह', नाही दिसला तर 'गै'. ही गंमत म्हणून केलेली सोय पुढे फार उपयोगी पडली, कारण कोण कधी आलं यापेक्षा कोण कधी नाहीसं झालं हे हजेरीपटात पटकन दिसतं.

पहिल्या चार दिवसांत पाणी ताकावरच्या निवळीसारखं झालं आणि वास यायला लागला. भिंगाखाली काही नव्हतं. माझ्याकडे तेव्हा अब्बांचं भिंग होतं. अब्बा गिरणीत साचेखात्यात होते, आणि कापडातले धागे मोजायचं ते पितळी, घडीचं भिंग 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा त्यांच्या खिशात राहून गेलं. गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडली नाही आणि भिंग परत करायचं राहिलं. इंचातले धागे मोजायला केलेल्या त्या भिंगातून मी माझ्या टाकीत पाहत होते, आणि नंतर वाचनात आलं की यात नवं काहीच नाही. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा लेव्हेनहुक हाही कापडाचाच व्यापारी होता. 1674 मध्ये त्याने गावाजवळच्या तळ्याचं हिरवट, ढगाळ झालेलं पाणी काचेच्या नळीत भरून आणलं, स्वतः घासलेल्या इवल्या भिंगाने पाहिलं आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिलं. पाण्यात जिवंत प्राणी आहेत हे जगाला एका कापडवाल्याने सांगितलं. अब्बांना हे सांगायला हवं होतं.

दुसऱ्या आठवड्यात मी फोल्डस्कोप आणला. कागदाची घडी घालून बनवायचा सूक्ष्मदर्शक. मेरठमध्ये जन्मलेले, कानपूरच्या आयआयटीत शिकलेले आणि पुढे स्टॅनफर्डला प्राध्यापक झालेले मनू प्रकाश यांनी तो केला. साधारण 140 पट मोठं दिसतं, आणि भिंग म्हणजे काचेचा खसखशीएवढा गोल मणी, लेव्हेनहुकच्या भिंगाचाच भाऊबंद. नंतर मी प्रिन्सेस स्ट्रीटवरून एक जुना, 400 पट दाखवणारा सूक्ष्मदर्शकही घेतला, पण पहिलं पॅरामेशियम पाहिलं ते या कागदातून, रात्री पावणेबाराला, नवरा झोपल्यावर.

फळ्यावरचं पॅरामेशियम सपाट असतं. हे स्वतःभोवती मळसूत्रासारखं फिरत पुढे जात होतं. पानाच्या तुकड्याला धडकलं, थोडं मागे आलं, तोंड जरा वळवलं, परत गेलं. परत धडकलं. परत मागे. अशा सहा-सात खेपांनी वाट सापडली. आणि ती चांदणीसारखी रिक्तिका, जिला नाव देण्याचा एक गुण असतो, ती डोळ्यांसमोर भरत होती आणि रिकामी होत होती, भरत होती आणि रिकामी होत होती. पाण्यात राहणाऱ्या जिवाच्या अंगात सतत पाणी शिरतं, ते त्याला सतत उपसावं लागतं. उपसणं थांबलं तर तो फुगून फुटेल. पावसाळ्यात तुंबलेल्या हिंदमाता परिसरातले पंप ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं समजवावं लागणार नाही. मी बावीस वर्षं हे 'उत्सर्जन' या एका शब्दात उरकत आले होते.

पुढचे दोन महिने मी शेजाऱ्यांना कंटाळा येईल इतकी या टाकीबद्दल बोलले. देठावर उभी घंटेसारखी व्हॉर्टिसेला, धक्का लागताच तिचा देठ स्प्रिंगसारखा गुंडाळला जातो. डोक्यावर दोन चक्रं फिरताहेत असं वाटणारे रोटिफर. एका डोळ्याचे सायक्लॉप्स, त्यातल्या माद्यांच्या मागे अंड्यांच्या दोन पिशव्या, बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आल्यासारख्या. हे तर अब्बांच्या भिंगातूनही दिसत. काचेला चिकटलेला हायड्रा, सायक्लॉप्सला पकडून गिळणारा आणि आठवड्याभरात अंगाला फांदी फुटावी तसं पिल्लू फुटलेला.

हजेरीपट मात्र वेगळं सांगत होता. पहिल्या दोन महिन्यांत पॅरामेशियमच्या ओळीत 'ह', 'ह', 'ह'. ऑगस्टनंतर 'गै' सुरू झाला. काचेवर तपकिरी थर आला, तो डायटमचा. ही काचेच्याच द्रव्याचं कवच असलेली एकपेशीय शैवालं. मग थर हिरवा झाला. मग निळसर, बुळबुळीत, चिखलासारख्या वासाचा. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे धागे संथपणे डुलत सरकत होते, कुणी न हलवता. मला वाटलं टाकी संपली. खरं म्हणजे एक जण गेला की दुसरा येत होता आणि त्या येण्याजाण्याला एक क्रम होता. गवत भिजवलेल्या पाण्यात कोणता जीव कोणानंतर येतो याचा अभ्यास अमेरिकेत वुड्रफ नावाच्या शास्त्रज्ञाने 1912 मध्येच छापला होता. मला ते तेव्हा माहीत नव्हतं. मला फक्त घाण दिसत होती.

आणि सासूबाई गावाहून येणार होत्या.

त्या खेडजवळच्या आमच्या गावी राहतात, रोज विहिरीचं पाणी ओढतात, त्यांना स्वच्छ पाणी कशाला म्हणतात ते माझ्यापेक्षा जास्त कळतं. "घरात गटार कशाला ठेवलंयस?" असं त्या म्हणणार हे ठरलेलंच होतं. त्यामुळे ऑक्टोबरच्या एका रविवारी मी टाकी उपसली, काच घासली, तळाची माती फेकली, वनस्पती नळाखाली धुतली आणि नवं, स्वच्छ, पारदर्शक पाणी भरलं. टाकी फार सुंदर दिसत होती. सासूबाई म्हणाल्या, "माशे खंय हत?"

सातव्या दिवशी इमारतीत डासांच्या अळ्या तपासणारी माणसं आली. कुंड्यांखालच्या ताटल्या पाहिल्या, फ्रिजमागचा ट्रे पाहिला, मग खिडकीशी आले. टॉर्च मारला. स्वच्छ, पारदर्शक पाण्यात वीस-पंचवीस अळ्या शेपटी वर करून लोंबकळत होत्या. एडिसच्या, डेंग्यूवाल्या. मी विज्ञानाची शिक्षिका आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी मला जे ऐकवलं ते बरोबर होतं, आणि त्यांच्यासमोर मी सगळं पाणी मोरीत ओतलं.

त्या रात्री हजेरीपट उघडून बसले. पाच महिने टाकी उघडी होती, त्यातले चार महिने पावसाळ्याचे, आणि अळीची नोंद एकही नाही. स्वच्छ केल्यावर आठवड्यात पंचवीस. एका टाकीवरून नियम काढू नये हे मी मुलांना शिकवते, म्हणून इथेही काढत नाही. पण कारण शोधायला हरकत नव्हती. एडिसची मादी स्वच्छ, साठवलेलं पाणी पसंत करते हे दर पावसाळ्यात पोस्टरवर असतं. दुसरी गोष्ट पोस्टरवर नसते. नव्या पाण्यात डास सगळ्यांत आधी पोहोचतो, कारण तो उडत येतो. त्याच्या अळीला खाणारे मागाहून येतात, काही पानांवरून, काही मातीतून, आणि तळ धुऊन काढला तर येतच नाहीत. नुकती बाहेर पडलेली एडिसची अळी मोठ्या जातीचे सायक्लॉप्स खातात. उत्तर व्हिएतनाममधल्या गावांत पाण्याच्या टाक्यांत मेसोसायक्लॉप्स सोडून लोकांच्या मदतीने डेंग्यूचा डास हटवला गेला, 2005 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचा अहवाल आला. माझ्या टाकीतल्या कोणत्या जातीने काय खाल्लं ते मला सांगता येत नाही. मी मोरीत काय ओतलं होतं, ते मात्र त्या रात्री कळलं.

टाकी वाचली ती मुलामुळे. त्याने माझ्या नकळत, उपसण्याआधी, तळाचा गाळ जॅमच्या बरणीत भरून स्वतःच्या टेबलाखाली ठेवला होता. "अम्मी, तू चिडशील म्हणून सांगितलं नाही." तोच गाळ परत टाकीत गेला, वरून बारीक जाळी बसवली (ती आता कायम आहे), आणि तीन आठवड्यांनी सायक्लॉप्सच्या ओळीत 'ह' आला. मॉस्कोतल्या गाउज या तरुण शास्त्रज्ञाने 1934 च्या आपल्या पुस्तकात असाच एक प्रयोग सांगितला आहे. परीक्षानळीत पॅरामेशियम ठेवलं आणि त्याला खाणारा डिडिनियम सोडला. डिडिनियमने सगळे पॅरामेशियम खाल्ले आणि मग तो उपाशी मेला. दुसऱ्या नळीत तळाला थोडा गाळ ठेवला. काही पॅरामेशियम गाळात लपले आणि वाचले. जॅमची बरणी ही आमच्या घरची दुसरी नळी.

आता हौदाकडे येते. पण त्याआधी परळ.

आमच्या घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. आपल्याला ती लस आणि सर्पदंशाच्या औषधासाठी माहीत. वाल्डेमार हाफकिन हे ओडेसाचे ज्यू, मुंबईत प्लेग आला तेव्हा इथे आले, 10 जानेवारी 1897 ला आपली लस स्वतःला टोचून घेतली. त्या दिवसांत लस म्हणजे विष अशी लोकांची समजूत होती. तेव्हा तरुण आगाखान तिसरे यांनी प्रयोगशाळेला आपला बंगला दिला आणि आपल्या लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली. हे आपल्याकडे सांगितलं जात नाही, सांगायला हवं. 1899 मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली, 1925 मध्ये तिला हाफकिन यांचं नाव मिळालं. मला मात्र ओढ लावली ती त्यांच्या आधीच्या कामाने. लशीकडे वळण्यापूर्वी हा माणूस साचलेल्या पाण्यातले एकपेशीय जीव पाहत बसायचा. 1890 मध्ये पॅरिसमध्ये त्यांनी पॅरामेशियमच्या आजारांवर निबंध छापला. पॅरामेशियमच्या केंद्रकात शिरून तिथेच वाढणारे जिवाणू त्यांनी पाहिले आणि त्यांना होलोस्पोरा हे नाव दिलं. ते नाव आजही चालतं. मुंबईला प्लेगमध्ये उपयोगी पडलेल्या नजरेची तालीम पॅरामेशियमवर झाली होती. मी माझ्या टाकीत असं आजारी पॅरामेशियम गेले सहा महिने शोधते आहे. सापडलेलं नाही.

मुलाला मी सांगितलं, हौदातून अर्धा लिटर पाणी आण. त्याने मगरिबच्या आधी बाटली भरून आणली. एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, कशाला? तो म्हणाला, अम्मीला बघायचंय. ते म्हणाले, यात बघायचं काय.

त्यांचं बरोबर निघालं. माझ्या हिरव्या टाकीच्या एका थेंबात जेवढं असतं त्याच्या दहावा हिस्साही त्या पाण्यात नव्हता. काही जिवाणू, इवले शेपटीवाले दोन-तीन प्रकार, एक रोटिफर, कपड्याचे तंतू, एक दाढीचा केस. हौद दर महिन्याला उपसतात, ब्लिचिंग पावडरने घासतात. गप्पी मासे सोडलेले होते, ते बहुतेक घासताना गेले. म्हणजे तो हौद दर महिन्याला माझी ऑक्टोबरमधली टाकी होतो. घासायचं, नवं पाणी भरायचं, मग पंधरा दिवसांनी पाणी हिरवं आणि डास झाले म्हणून पुन्हा घासायचं. आणि आता त्या त्रासाला कंटाळून बुजवायचं.

मुंबईत ही गोष्ट नवी नाही. 1911 मध्ये बेंटली नावाच्या डॉक्टरांनी मुंबईतल्या मलेरियावर अहवाल दिला, तेव्हा डासांचं मूळ घराघरांतल्या विहिरींत आणि टाक्यांत सापडलं. विहिरी झाकायच्या, बुजवायच्या असं ठरलं, तेव्हा अनेक समाजांनी धर्माच्या नावाने विरोध केला. मलेरियाने माणसं मरत होती. डॉक्टरांची बाजू बळकट होती आणि मी तेव्हा असते तर त्यांच्याच बाजूला उभी राहिले असते. त्यामुळे 'हौद आमच्या बुजुर्गांचा, हात लावू नका' हा मुद्दा मी मांडणार नाही. साचलेल्या पाण्याबद्दल भाबडं असायची मला परवानगी नाही. माझे लाडके सायक्लॉप्सच घ्या. विहिरींतून आणि पायऱ्यांच्या बावड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या नारू पसरला तो याच सायक्लॉप्सच्या पोटातून. पाणी फडक्याने गाळून प्यायला लोकांना शिकवलं, बावड्या बदलल्या, तेव्हा तो गेला. 1996 नंतर देशात रुग्ण नाही आणि 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त जाहीर केला. सासूबाई अजून हंड्यावर फडकं बांधतात.

कमिटीतले एक जण केरळमधल्या मेंदूत शिरणाऱ्या अमीबाच्या बातम्या दाखवतात. ती भीतीही खरी आहे. नेग्लेरिया नावाचा हा अमीबा गरम, गोड्या पाण्यात राहतो आणि नाकात पाणी गेलं तर तिथून मेंदूपर्यंत जातो. पिण्याने काही होत नाही. वजूत आपण नाकात पाणी घेतो. पण या बातमीचा दुसरा अर्धा भागही वाचायला हवा. कराचीत या अमीबाने जी माणसं गेली, त्यांतली बहुतेक कुठल्या तळ्यात पोहलेलीच नव्हती. डॉक्टरांचा संशय नळाच्या पाण्यावर आणि वजूवर गेला, कारण त्या पाण्यात पुरेसं क्लोरीन नव्हतं. म्हणजे नळ बसवला की काम झालं असं नाही. नळाच्या मागे गच्चीवरची टाकी असते. ती शेवटची कधी धुतली हे आमच्या इमारतीत कुणाला सांगता येणार नाही, मशिदीत येत असेल अशी आशा आहे. तिथे तर कुणी डोकावतही नाही. हौद निदान दिवसातून पाच वेळा लोकांच्या नजरेखाली असतो.

आपल्या फिकहमध्ये पाण्यावर पानंच्या पानं आहेत आणि लहानपणी ती मला कंटाळवाणी वाटायची. आम्ही कोकणी, शाफई. आमच्याकडे दोन कुल्ले, म्हणजे साधारण दोनशे लिटरच्या पुढे पाणी असेल तर रंग, चव किंवा वास बदलल्याशिवाय ते नापाक होत नाही. त्याहून कमी असेल तर घाण पडताच नापाक. हनफींकडे दह-दर-दह, दहा हात लांब आणि दहा हात रुंद हौद वाहत्या पाण्यासारखा मानतात. तपशील वेगळे, पण दोन्हीकडे एक जाण आहे की थोडं पाणी आणि पुष्कळ पाणी सारखं वागत नाही. बारा लिटरची टाकी सांभाळताना मला हे रोज अनुभवाला येतं. एक पान जास्त पडलं तरी ती बिघडते. याचा अर्थ त्या लोकांना जिवाणू माहीत होते असा नाही. 'विज्ञानाने आज शोधलं ते आपल्याकडे चौदाशे वर्षांपूर्वीच' असले फॉरवर्ड मलाही येतात, मी पुढे पाठवत नाही. त्यांना जिवाणू माहीत नव्हते. त्यांनी डोळे, जीभ आणि नाक वापरलं आणि पाण्याकडे लक्षपूर्वक पाहिलं. आपण आता तेवढंही करत नाही, आपण ब्लिचिंग पावडरची गोणी मागवतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. वजूला नळ बसवा. चूळ आणि नाक नळावर, क्लोरीन तपासलेल्या पाण्याने, आणि गच्चीवरची टाकी धुतल्याची तारीख भिंतीवर लिहा. मुलांची किळस रास्त आहे. पण हौद बुजवू नका. क्रॉफर्ड मार्केटजवळची जुमा मशीद एका जुन्या तळ्यावर कमानी उभारून बांधली, 1802 मध्ये पुरी झाली, आणि त्या तळ्यात अजून पाणी आहे, मासे आहेत. आपल्याकडे तेवढं मोठं नसलं तरी हौदाला तळाशी बोटभर गाळ असू द्या, कडेला पाणवनस्पती, गप्पी मासे, आणि महिन्याला घासणं बंद करा. अळ्या दर आठवड्याला तपासा, त्यात हयगय नको. सहा महिन्यांनी डास वाढलेले दिसले तर बुजवा, मी स्वतः पाठिंब्याचं पत्र लिहीन. मदरशातली पोरं दुपारी रिकामी असतात, त्यांना माझे दोन फोल्डस्कोप द्यायला मी तयार आहे. हजेरीपट मी आखून देईन. बघायचं काय, असं विचारणाऱ्या काकांनाही एकदा बघू द्या.

आपल्या मुलांच्या विज्ञानाबद्दल आपण सभा घेतो, टक्केवारी काढतो, स्पर्धापरीक्षांचे वर्ग उघडतो. पाण्याचा एक थेंब तासभर पाहायची जागा मात्र आपल्याकडे कुठेच नाही. माझ्या शाळेतही नाही, आणि त्याला कमिटी जबाबदार नाही, मी आहे. जूनपासून सूक्ष्मदर्शक कपाटाबाहेर काढला आहे. सातवीतल्या एका मुलीने पॅरामेशियम पाहून विचारलं, "टीचर, याला माहितीये का की आपण बघतोय?" मला उत्तर देता आलं नाही.

हे सगळं मी दोन पानांत लिहून नवऱ्याकडे दिलं आहे. ते त्याच्या कुर्त्याच्या खिशात आहे, बैठक रविवारी इशानंतर आहे, आणि तो अजून "बघतो" म्हणतोय. चौदा महिन्यांच्या हजेरीपटातलं आजचं पान असं: सायक्लॉप्स ह, हायड्रा ह, रोटिफर ह, पॅरामेशियम, नऊ दिवसांनी, ह. अळ्या गै.

मुलाला सांगून ठेवलं आहे की शुक्रवारी हौद उपसायच्या आत बाटली तळापर्यंत घाल आणि जेवढा येईल तेवढा गाळ घेऊन ये. जॅमची बरणी धुऊन ठेवली आहे.